भिंतीकडचं शेवाळ

शेवाळ आधी काकूंच्या नजरेला पडलं, आणि त्यांना ते आवडलं. टाचा दुखायच्या म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी अनवाणी चालायला सांगितलं होतं, आणि घरचं लॉन असताना दुसरीकडे जायची गरजच नव्हती. त्या दिवशी फेरी मारता मारता त्या पार टोकाला, भिंतीच्या कठड्यापाशी थबकल्या आणि घराकडे तोंड करून ओरडल्या, "अहो, इथं बघा कसं मऊ झालंय! मखमलीवर पाय ठेवल्यासारखं वाटतंय."

पेंटरकाका चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले. कठड्याच्या कडेकडेनं हातभर रुंदीचा पट्टा पसरला होता, गवताहून गडद, दाट, आणि दंव पडावं तसा ओला.

"मखमल कसली? शेवाळ आहे ते," काका म्हणाले. "उद्याच काढतो."

काकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. उभी हयात शिडीवर गेली. नाकात टर्पेंटाइन, डोळ्यांत रस्त्याची धूळ. म्हातारपणी पायाखाली हिरवं हवं, ही एकच हौस त्यांनी मनाशी जपली होती. हातांची पकड सुटली, नजर मंदावली, काम थांबलं, तेव्हा त्यांनी घरामागच्या जागेत स्वतः माती पसरून लॉन केलं. घर उतारावरच्या गल्लीत, वरच्या अंगाला. लॉन जिथं संपायचं तिथून एक जुनी दगडी भिंत सरळ खाली उतरायची, दोन पुरुष उंच, ती थेट खालच्या घराच्या परसात. म्हणजे खरं बघायला गेलं तर काकांचं लॉन त्या भिंतीनं पोटाशी धरून ठेवलेलं होतं. खालच्या घरात पाळणाघर होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली ताई म्हणायची. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, अकरा पोरं, आणि ताई एकट्या.

दुसऱ्या दिवशी काका दाताळं घेऊन शेवाळावर तुटून पडले. ते गालिच्यासारखं सोलून निघत होतं. दोन पोती भरली. खाली उघडी पडलेली माती करड्या रंगाची, गुळगुळीत, आंबूस वासाची होती. काकांनी तिथं गवताचं बी टाकलं. बी कुजलं. तीन आठवड्यांत शेवाळ परत आलं, आणि आता ते दोन हात रुंद होतं.

मग खतांच्या दुकानदारानं सांगितलं म्हणून हिराकस पाण्यात विरघळवून शिंपडून झालं. रात्रीतून सगळा पट्टा काळाठिक्कर पडला, जळल्यासारखा. काका खूश झाले. काकूंना मात्र ते बघवेना. "हिरवं होतं ते बरं होतं की हो," त्या म्हणाल्या. काळं झालेलं काका खरवडून काढत गेले, आणि मागोमाग हिरवं उगवत गेलं. कुणी म्हणालं, सावली फार आहे. काकांनी कोपऱ्यातल्या झाडाच्या फांद्या छाटल्या. कुणी म्हणालं, गवत फार खुरटं कापता, त्याला जीव धरू द्या. काकांनी महिनाभर कापलं नाही. कुणी म्हणालं, माती आंबट झालीय. त्यांनी चुना पसरला. दर वेळी शेवाळ चार दिवस दबून राहायचं आणि मग पुन्हा डोकं वर काढायचं. फरक एवढाच की आता ते भिंतीकडून घराकडे सरकत होतं.

आणि एक गोष्ट काकांच्या मनाला लागून राहिली होती, पण त्यांनी ती कुणाजवळ बोलून दाखवली नाही. तीन आठवडे पाऊस नव्हता. घराजवळचं गवत पिवळं पडून माती तडकली होती. पण भिंतीकडच्या त्या पट्ट्यावर पाय ठेवला की पचक आवाज यायचा आणि बोटांच्या बेचक्यांतून पाणी वर यायचं.

शेवटी काकूंनी माळीणबाईंना बोलावलं. साठीच्या आसपासची बाई, अंगानं काटक, मोठमोठ्या बंगल्यांच्या बागा हाताखालून गेलेल्या. जिभेला हाड नाही अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी लॉनभर एक चक्कर मारली, वाकून शेवाळाची चिमूट काढली, बोटांत चुरडली, हुंगली.

"कशाकशानं मारलंत याला, पेंटरभाऊ?"

काकांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे अंगात ताप आणि तुम्ही घाम पुसत बसलाय." त्यांनी हात झटकले. "शेवाळ गवताला मारत नाही, भाऊ. गवताचा जिथं निभाव लागत नाही, तिथं ते येऊन बसतं. ओस घरात कबुतरं शिरतात तसं. कबुतरं हाकलली म्हणून घर नांदतं होतं का?"

काकू हसल्या. काका हसले नाहीत.

माळीणबाईंनी पहार मागितली. पट्ट्याच्या मधोमध ती उभी धरून त्यांनी नुसता भार टाकला, आणि पहार लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. इतकी सहज, की बाई स्वतःच पुढे झुकल्या. त्यांनी ती उपसून काढली. तिघं त्या भोकाकडे बघत उभी राहिली. आत काळोख होता; मग काळोखात काहीतरी चमकलं, हळूहळू वर चढत आलं, आणि वीतभर खाली येऊन थांबलं. पाणी.

माळीणबाईंच्या तोंडची थट्टा गेली. "तीन आठवडे थेंब नाही पडला," त्या म्हणाल्या. "हे पाणी येतं कुठून ते सोडा. वरच्या अंगानं झिरपत असणार, उतार आहे, ते येणारच. मला सांगा, जातं कुठून? भिंतीला खालच्या बाजूनं पाणी निघायची भोकं आहेत ना?"

"आहेत तर," काका म्हणाले.

"वाहतात?"

"वाहतात की."

हे बोलताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही. याचंच त्यांना नंतर राहून राहून नवल वाटायचं.

भोकं होती. नऊ होती. पण वाहत नव्हती, कारण ती काकांनीच बुजवली होती. दोन वर्षांपूर्वी ताईंच्या पोरांसाठी त्यांनी ती भिंत खालच्या बाजूनं रंगवून दिली होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपल्या हौसेनं. पांढऱ्या गिलाव्यावर हत्ती, जिराफ, होडी, होडीत बसलेली माकडं. पोरं टाळ्या पिटत होती, ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्या भोकांतून सारखं गढूळ पाणी गळायचं. तपकिरी ओघळ उतरत उतरत जिराफाच्या तोंडावर आले, आणि पोरं म्हणायला लागली, जिराफाला शेंबूड आला. काकांना ते सहन झालं नाही. एका सुट्टीच्या दिवशी, पाळणाघर बंद असताना, त्यांनी नऊच्या नऊ भोकांत चिंध्या कोंबल्या, वरून सिमेंट थापलं, आणि प्रत्येकावर काही ना काही रंगवलं. कुठे पान, कुठे चेंडू, एकाचा तर हत्तीचा डोळा केला. भिंत कशी लख्ख दिसायला लागली. ताईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "गळायचं थांबलं आपोआप." ते त्यांचं पहिलं खोटं. आज त्यावर दुसरं चढलं.

"वाहत असतील तर मग मला यातलं काही कळत नाही," माळीणबाई म्हणाल्या. त्यांनी काकांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "गज घालून एकदा साफ करून घ्या ती. औषधबिषध मी काही टाकणार नाही. आणि तोवर या कडेला जाऊ नका. वहिनी, तुम्हीसुद्धा. मखमल बिखमल राहू दे."

त्या गेल्यावर काकांनी पहारीचं भोक माती लोटून बुजवलं.

सिमेंट फोडायचं म्हणजे चित्रं फोडायची. ताई विचारणार, काका, हे काय? मग काय सांगायचं? उद्या बघू, असं त्यांनी ठरवलं. माणसाचा उद्या मोठा लांबचा असतो. त्यांचा तो महिनाभर आला नाही.

त्या महिन्यात घराच्या मागच्या अंगानं बारीकसारीक गोष्टी बिघडत गेल्या. कठड्याला एक छोटं लोखंडी फाटक होतं, खाली उतरणाऱ्या पायऱ्यांकडे जाणारं. त्याची कडी बसेना. काकांनी कानस घेऊन कडी घासली. आठवड्यानं पुन्हा बसेना. मग कठडा आणि लॉन यांच्या मधे एक फट दिसू लागली. आधी पैसा जाईल एवढी, मग अंगठा जाईल एवढी. काकांनी तीही सिमेंटनं भरून टाकली आणि वरून माती पसरली. काकू खिडकीतून बघत होत्या.

"काय बुजवताय?"

"मुंग्या झाल्यात."

काकूंनी सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र लावून हजार आवाजांतून नेमका एक आवाज वेगळा काढायची त्यांना सवय होती. एका दुपारी त्या मागच्या खोलीत आडव्या पडल्या होत्या, त्या एकदम उठून बसल्या.

"अहो, खाली काहीतरी हलतंय."

"खाली म्हणजे? ताईंकडे?"

"नाही. आपल्या खाली. खडीचं पोतं कुणीतरी ओढत नेल्यासारखं. थोडं ओढतं, थांबतं. पुन्हा ओढतं."

"गल्लीत काम चाललं असेल कुठे," काका म्हणाले. पण त्यांचा हात पेपरवर तसाच राहिला, आणि पान काही उलटलं गेलं नाही.

मग पाऊस लागला. तीन दिवस, तीन रात्री, एका लयीत, न थांबता. लॉनवर शेवाळ असं काही फुगून आलं की गवत शोधावं लागे. ते आता घराच्या पायरीपर्यंत पोचलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी पावसानं जरा उघडीप दिली म्हणून काका दूध आणायला बाहेर पडले, तर कोपऱ्यावर ताई भेटल्या. पोरं जेवून झोपली होती, त्या शेजारणीला बसवून धावत दुकानात आल्या होत्या.

"काका, तुम्हाला एक गंमत सांगायची राहिली," त्या हसत म्हणाल्या. "पोरं म्हणतायत, आपल्या हत्तीचं पोट वाढलंय. त्याला बाळ होणार आहे म्हणे!"

काकाही हसले. मग दूध घेऊन ते भरभर घराकडे वळले.

ते घरी आले, दूध ओट्यावर ठेवलं, आणि माळ्यावरून आपली जुनी कामाची पेटी काढली. तिच्यात ओळंबा होता, दोरीच्या टोकाला बांधलेलं वजन. पाटी सरळ बसली की नाही हे ते त्यानंच बघायचे. काकूंना काही न बोलता ते पुढच्या रस्त्यानं वळसा घालून पाळणाघरात गेले, मागच्या खोलीतून चवड्यांवर चालत. अकरा पोरं चटयांवर झोपली होती. कुणाच्या तोंडात अंगठा, कुणाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. खिडकीपासून भिंत सहा पावलं लांब.

परसात येऊन त्यांनी हत्तीच्या पोटाला हात लावला. गिलावा थंडगार होता आणि घामेजल्यासारखा ओला. एक बारीक रेघ जिराफाच्या मानेवरून आडवी जात होडीपर्यंत पोचली होती. त्यांनी शिडी लावली, वरून ओळंबा सोडला. दोरी झुलली, स्थिर झाली. वर ती भिंतीला टेकली नव्हती, खालीही नव्हती. मधे हत्तीच्या पोटावर टेकून ती बाहेर ढकलली गेली होती. पायथ्याशी भिंत आणि दोरी यांच्यात आख्खा पंजा मावत होता. चाळीस वर्षं सरळ रेघ आखलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मोजायची गरज पडली नाही.

ताई दारात येऊन उभ्या होत्या. "काय झालं, काका?"

"काही नाही," त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं. मग ते म्हणाले, "पोरांना दोन दिवस पुढच्या खोलीत झोपवा. पावसापाण्याचे दिवस आहेत."

"पुढच्या खोलीत सामान आहे सगळं. आणि रस्त्याचा आवाज. का पण?"

"भिंत जरा ओलसर आहे."

"भिंत काय, सगळंच ओलसर आहे. संध्याकाळी बघू." आणि त्या वळल्या.

"ताई." त्यांचा आवाज इतका चिरका निघाला की खोलीत एक पोर कुशीवर वळलं. दोघंही कुजबुजायला लागली. "ताई, भोकं मी बुजवली. पाणी निघायची. नऊच्या नऊ. जिराफाच्या तोंडावर ओघळ येत होते म्हणून. दोन वर्षांचं पाणी आहे या भिंतीमागे. माझं लॉन सगळं चिखल झालंय. ही भिंत पडणार."

ताईंच्या चेहऱ्यावर राग आला नाही. रागाला वेळच नव्हता. त्या वळल्या, सगळ्यात जवळचं पोर चटईसकट उचललं आणि म्हणाल्या, "दोन तुम्ही घ्या."

पाच मिनिटांत अकराही पोरं रस्त्यापलीकडे शेजारणीच्या ओसरीवर होती. अर्धी झोपेत, अर्धी रडत. ताईंनी मोजली. परत मोजली. मग त्या परत गेल्या, मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं, कुलूप घातलं, आणि कपड्यांचं कपाट एकट्यानं सरकवत आणून दाराला लावलं.

काकांनी सांगितलं म्हणून काकूंनी माळीणबाईंना फोन केला. त्या निरोप मिळताच आल्या, छत्रीसुद्धा न घेता. काकांनी त्यांनाही सगळं सांगितलं. एकदा सांगून झालं की दुसऱ्यांदा सोपं जातं. बाई एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पुढ्यात उभं राहून फोडायचं नाही. बाजूनं, हात लांब करून. आणि मी पळ म्हटलं की छिन्नी टाकून पळायचं."

काकांनी छिन्नी पहिल्या पानावर ठेवली. सिमेंट निघालं, चिंध्या निघाल्या, आणि पाणी असं उसळलं की समोरच्या झोपाळ्यापर्यंत धार गेली. तपकिरी, जाड, कुजक्या वासाचं. दुसरं भोक, तिसरं. हत्तीचा डोळा फोडला तेव्हा त्यातूनही तसंच वाहायला लागलं. नऊपैकी सहा भोकं वाहिली. तीन फोडूनही कोरडी राहिली, गज घातला तरी.

"ही वाहतायत त्यांची मला भीती नाही," माळीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ती तीन का गप्प आहेत, ते सांगा. मागची माती सरकून गच्च बसली असेल, तर तिथलं पाणी अजून आतच आहे."

पाणी दोन दिवस वाहत होतं. पाऊस थांबला. नगरपालिकेचा एक तरुण इंजिनिअर येऊन गेला. त्यानं भिंत ठोकून पाहिली, फोटो काढले, "पाणी निघून गेलं ना, मग आता ताण कमी झाला," असं म्हणाला. वर कळवतो म्हणाला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. ऊन पडलं. लॉन सुकायला लागलं, शेवाळ कडेनं पिवळं पडून कुरकुरीत झालं. पोरं पाळणाघरात परतली, पण पुढच्याच खोलीत, सामानाच्या गर्दीत, एकमेकांच्या अंगावर. आईबापांची कुरकुर सुरू झाली. एक जण म्हणाला, "ताई, इंजिनिअरला कळत नाही आणि तुम्हाला कळतं का? उघडा ती खोली. पोरं उकडून निघालीत." ताईंनी ऐकून घेतलं आणि कपाट हलवलं नाही.

काका या दिवसांत पाळणाघराकडे फिरकले नाहीत. तोंड दाखवायला जागा नव्हती.

भोकं फोडल्यापासून पाचव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास आकाश स्वच्छ होतं. काका स्वयंपाकघराच्या दारात बसून सुकलेल्या लॉनकडे बघत होते. त्यांच्या मनात आलं, वाचलो. तेवढ्यात काकू हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाल्या, "ऐका."

काकांना काहीच ऐकू आलं नाही. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना आत ओढलं.

लॉन मधोमध फाटलं. आवाज न करता, कापड फाटावं तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडचा अर्धा भाग, कठडा, फाटक, छाटलेलं झाड सगळं एकत्र, हात खाली करावा तसं खाली गेलं. झाड उभंच्या उभं उतरलं, हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं. आवाज त्यानंतर आला. घरातली भांडी फळीवरून खाली पडली. मग धूळ वर आली, एवढ्या ओल्या मातीतून एवढी धूळ कशी आली कुणास ठाऊक, आणि धुळीच्या खालून पोरांचं रडणं.

काका कसे धावले ते त्यांना आठवत नाही. पुढच्या रस्त्यानं पाळणाघराच्या दाराशी पोचले तर ताई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. कपाळातून रक्त वाहत होतं, खिडकीची काच उडून लागली होती. त्या पोरांच्या डोक्यांवर एकेक हात ठेवत मोजत होत्या. तोंडानं आकडे, आणि आकड्यांच्या मधे मधे, "रडू नको, रडू नको." अकरा झाले. त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

मागची खोली छतापर्यंत भरली होती. दगड, चिखल, गवताचे गालिचे. कपाट अर्ध्या वाटेवर तिरकं होऊन अडकलं होतं. त्याच्या मागे येऊन सगळा लोंढा थांबला होता. माणसं जमली. कुणी ताईंना खुर्ची दिली, कुणी पोरांना कडेवर घेतलं. जो बाप खोली उघडा म्हणत होता तो धावत आला, आपली मुलगी छातीशी धरली आणि दाराच्या कडेला खाली बसून राहिला. त्याला उठवायला दोन माणसं लागली.

हळूहळू गल्लीत बातमी पसरली, आणि बातमी फिरत फिरत तिचं काहीतरी दुसरंच होऊन गेलं. पेंटरकाकांनी आधीच सांगितलं म्हणून पोरं वाचली, असं लोक म्हणू लागले. कुणी तर घरी येऊन त्यांचा हात हातात घेतला. काकांनी खरं सांगायचा प्रयत्न केला, पण चांगली गोष्ट ऐकायला आलेल्या माणसाला वाईट गोष्ट ऐकू येत नाही.

आठवड्यानं ते ताईंना भेटायला गेले. त्या सामान आवरत होत्या. दोन गल्ल्या पलीकडे जागा बघितली होती. कपाळावर पट्टी होती.

"ताई, मी..."

"बसा," ताई म्हणाल्या. पण स्वतः बसल्या नाहीत. एका खोक्यात खेळणी भरता भरता त्या बोलत राहिल्या. "लोक म्हणतात तुमच्यामुळे पोरं वाचली. मी तसं म्हणणार नाही, काका. तुम्ही त्या दिवशी आलात हे खरं. पण त्याच्या आधी एक महिना तुम्हाला माहीत होतं. त्या महिन्यात रोज दुपारी मी त्यांना त्या खोलीत झोपवत होते. अंगावर पांघरूण घालून."

काकांनी पायाशी पडलेला चेंडू उचलून खोक्यात ठेवला.

"तुमचं वाईट चिंतत नाही मी," ताई म्हणाल्या. "पण नव्या जागी येऊ नका. काकूंना पाठवा. त्यांना पोरं ओळखतात."

पुढच्या सोमवारी नगरपालिकेत बोलावणं आलं. तोच तरुण इंजिनिअर होता. चेहरा उतरलेला, त्यालाही वरून विचारणा झाली असणार. त्यानं पंचनाम्याचा कागद काकांपुढे सरकवला. सगळं भरलेलं होतं. कारणाच्या जागी लिहिलं होतं, अतिवृष्टी.

"इथं सही करा, काका. संपलं."

काकांनी चष्मा लावला, कागद वाचला, आणि पेन खाली ठेवलं. "हे खरं नाही."

"खरंच आहे की. तीन दिवस पाऊस पडला."

"पाऊस दर वर्षी पडतो. भिंत साठ वर्षं उभी होती." त्यांनी श्वास घेतला. "कोरा कागद द्या."

इंजिनिअर खुर्ची पुढे ओढून त्यांच्याजवळ आला. "काका, तुम्ही लिहून दिलंत तर सगळं तुमच्यावर येईल. भिंत बांधून देणं, खालच्या घराची भरपाई, कदाचित पोलीस. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता? मीही त्या दिवशी सगळं ठीक आहे म्हणूनच गेलो होतो ना."

"ते तुमचं तुम्ही बघा," काका म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. "माझं मला लिहू द्या."

त्यांनी दीड पान लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. पण त्यांनी तो कागद दुसऱ्यांदा उतरवून काढला नाही. काय केलं, कोणत्या दिवशी केलं, माळीणबाईंनी केव्हा विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, ओळंबा केव्हा लावला, सगळं लिहिलं. खाली सही केली. इंजिनिअरनं तो कागद घेतला आणि वाचला. मग त्यानं त्यावर शिक्का मारला.

बाहेर बाकावर काकू पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"झालं?"

"झालं."

"काय लिहिलंत?"

काका त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी लिहिलेलं सगळं सांगितलं. ती फट मुंग्यांमुळे बुजवली नव्हती, हेही सांगितलं.

"ते मला माहीत होतं," काकू शेवटी म्हणाल्या. "मुंग्यांना सिमेंट कोण लावतं? मीही विचारलं नाही, ते माझं चुकलं."

मग त्यांनी चपला पायांत सरकवल्या, काकांच्या कोपराला धरून उठल्या, आणि दोघं घराकडे निघाली. खालची गल्ली अजून बंद होती, त्यामुळे बाजाराकडून लांबचा वळसा घ्यावा लागला.